सीपीआरनंतर रुग्ण दगावला की सिस्टर स्वतःलाच दोष देतात. ड्युटीवरच करता येईल असं काही?

प्रश्न (आयसीयू इन्चार्ज) :
दहा खाटा, तीन पाळ्या. रुग्ण गेला की नव्या मुली ‘माझ्याच हातून काहीतरी राहिलं’ हेच धरून बसतात. डोळे मिटून वीस मिनिटं बसा म्हणण्याची सोय नाही, शेजारच्या बेडचा अलार्म वाजतच असतो. आत्मकरुणा, म्हणजे स्वतःशीही मैत्रिणीसारखं मायेनं वागणं, वॉर्डात बसवायची कशी? शिवाय जुन्या सिस्टरना हे लाड वाटतात.

उत्तर १ :
वेगळा वेळ काढूच नका. हँडरब (हाताचं सॅनिटायझर) चोळायला २० ते ३० सेकंद जातातच, त्यात आत्मकरुणेवर संशोधन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांच्या मांडणीतले तिन्ही भाग मावतात. आधी आहे ते म्हणायचं : ‘आत्ता छाती भरून आलीय.’ मग : ‘या कामात हे सगळ्यांनाच होतं.’ शेवटी, मैत्रीण रडत आली असती तर तिला जे म्हटलं असतं तेच स्वतःला : ‘अगं, हात दुखेपर्यंत कॉम्प्रेशन दिलंस, आधी पाणी पी.’ घरच्या बोलीत म्हणा, पुस्तकी वाक्य आत उतरत नाही.

चुकतं कुठे? पहिला भाग गाळून थेट ‘सगळं ठीक आहे’वर उडी मारली जाते. मनाला ते खोटं कळतं.

स्वतःला धीर द्यायला छातीवर हात ठेवायची पद्धत ग्लोव्हज घातलेले असताना नको. तेव्हा तळपाय जमिनीला टेकलेत, तेवढं जाणवून घ्या.

उत्तर २ :
वरच्यात एक भर. स्वतःशी मऊ बोलल्यावर काहींचं जुनं दुःख उसळतं. कोंडलेल्या आगीचं दार उघडलं की भडका उडतो, तसं. याला ‘बॅकड्राफ्ट’च म्हणतात. वाक्यं थांबवायची, डोळे उघडे, लक्ष तळपायांकडे. म्हणून पहिला सराव मृत्यूच्या दिवशी नको, शांत पाळीत घ्या. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी बेतलेला आत्मकरुणेचा कार्यक्रमही एकेका तासाच्या सहा सत्रांचाच आहे.

झोप उडाली, ड्युटीवर यायचीच धास्ती बसली, तर हे पुरणार नाही. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन : १४४१६, मोफत, मराठीतही बोलतात.

उत्तर ३ :
लाडांबद्दल : औषधाचा डोस चुकला तर इन्सिडेंट रिपोर्ट भरायचाच, त्यात सूट नाही. ‘डोस चुकला’ आणि ‘मी नालायक’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं डोक्यात घोळत असेल तर पहिलं लपवलं जातं. जुन्या सिस्टरना हे पटतं.

आणि व्हेंटिलेटरच्या तीन रुग्णांमागे एकच सिस्टर असेल, तर आधी मेट्रनकडे माणूस मागा.