मदत हवी आहे: कोड केसमधलं (मूळ कोडात नसलेलं, एएसएमईने वेगळ्या पत्रकाने परवानगी दिलेलं) मटेरियल यू-स्टॅम्प व्हेसलला (एएसएमई कोडनुसार प्रमाणित दाबपात्राला) कसं लावायचं?

शेल_आणि_डिश: एएसएमई सेक्शन 8, डिव्हिजन 1. आतला व्यास 2000 मिमी, डिझाइन प्रेशर 1 एमपीए, तापमान 40 अंश, शिवाय फुल व्हॅक्यूम. जॉइंट एफिशियन्सी (वेल्डच्या ताकदीचा गुणक) 0.85, करोजन अलाउन्स (गंजासाठीची जादा जाडी) शून्य. 316एल स्टेनलेसला अलाउएबल (परवानगी असलेला स्ट्रेस) 115 एमपीए धरून शेल 10.3 मिमी येतं. ग्राहकाच्या जुन्या ड्रॉइंगवर मात्र लीन ड्युप्लेक्स (कमी निकेलचं, जास्त ताकदीचं स्टेनलेस) एस32101 आणि 'कोड केस 2418' लिहिलंय. टेन्साइल 650 भागिले 3.5 करून 185 एमपीए घेतले तर 6.4 मिमी पुरतात. 8 मिमी प्लेट मागवू का? नोझल (पाइप जोडायची तोंडं) 316एलचीच ठेवायची आहेत.

कोडवाचक: प्लेट थांबवा. आधी केस आज चालू आहे का ते पाहा. अपेंडिक्स 43 प्रमाणे केस लावताना शेवटची रिव्हिजनच चालते. रद्द झालेली किंवा कोडात सामावलेली केस नव्या कंत्राटाला लावता येत नाही. ग्रेड सेक्शन 2 पार्ट डीच्या टेबल 1एमध्ये तुमच्या प्रॉडक्ट फॉर्मसाठी (इथे प्लेट) आला असेल, तर केसची गरजच उरत नाही. केस प्रश्नोत्तराच्या रूपात असते; तिच्या उत्तरात डिव्हिजन 1 चं नाव हवं. बॉयलरच्या सेक्शन 1 साठी दिलेली केस इथे निरुपयोगी.

3.5 ने भागणंही सोडा. 40 अंशांना उत्तर जुळेल कदाचित, पण आकडा केसच्या टेबलातूनच घ्यायचा, त्या टेबलाची तापमान मर्यादा आणि तळटिपांसकट. केसमधून नुसता स्ट्रेस उचलून बाकीच्या अटी सोडणं, हा प्रकार इन्स्पेक्टर पहिल्या बैठकीतच पकडतो. उष्णोपचार, बाह्य दाबाचा चार्ट, वेल्डिंगची स्वतंत्र पात्रता, जे लिहिलं असेल ते सगळं बंधनकारक.

व्हॅक्यूम_रिंग: मला खरी अडचण व्हॅक्यूमची वाटते. बकलिंगला (बाहेरच्या दाबाने शेल आत चेपण्याला) ताकद फारशी मदत करत नाही, तिथे इलॅस्टिक मॉड्युलस आणि जाडी चालते. मॉड्युलस दोन्ही स्टीलचा जवळपास सारखाच. शेल मध्यम लांबीचं असेल तर बकलिंगचा दाब साधारण जाडीच्या 2.5 घाताने बदलतो. 316एलच्या समजा 12 मिमीऐवजी 8 मिमी घेतलं तर क्षमता 36 टक्क्यांवर येते. स्टिफनर रिंगा मोजून, त्यांचं वजन आणि वेल्डिंग धरून मगच बचतीचा हिशेब मांडा. अनेकदा सगळी बचत रिंगाच खातात.

नोझलचंही पाहा. यूजी-37 (छिद्राभोवतीच्या मजबुतीचं कलम) मध्ये नोझलचा अलाउएबल शेलपेक्षा कमी असेल तर भिंतीचं क्षेत्रफळ त्या गुणोत्तराने कमी मोजलं जातं: 115/185 म्हणजे 0.62. शेल पातळ झाल्याने तिथली जास्तीची जाडीही घटलेली. नोझलभोवतीचे मजबुतीचे पॅड मोठे होतील.

शेल_आणि_डिश: आणि 45 मिमीचा रिंग फ्लँज त्याच ग्रेडच्या प्लेटमधून कापला तर इम्पॅक्ट टेस्ट (आघात चाचणी) लागेल?

कोडवाचक: लागेल. यूएचए-51 मध्ये ड्युप्लेक्सला 10 मिमीपर्यंत आणि एमडीएमटी (किमान डिझाइन तापमान) उणे 29 अंशांपर्यंत सूट आहे. 8 मिमी शेल त्यात बसतं, 45 मिमीचा फ्लँज नाही. लॅटरल एक्सपान्शन (तुटलेल्या नमुन्याचा बाजूला झालेला फुगवटा) किमान 0.38 मिमी हवं, आणि डब्ल्यूपीएसच्या (वेल्डिंगच्या लेखी पद्धतीच्या) पात्रता चाचणीत वेल्ड मेटल व एचएझेडचेही (वेल्डलगतच्या तापलेल्या भागाचेही) नमुने लागतात. पीओमध्येच (खरेदी ऑर्डरमध्येच) लिहा, नाहीतर प्लेट आल्यावर नमुन्यांसाठी तुकडा शोधत बसाल.

उष्णोपचार_नको: शॉपफ्लोअरला बजावून ठेवा, फ्लँज वाकला म्हणून 600 अंशांना स्ट्रेस रिलीव्ह (ताण काढण्यासाठी तापवणं) करायचं नाही. त्या तापमान पट्ट्यात सिग्मा फेज (ठिसूळ संयुग) तयार होते आणि टफनेस जाते. उतरताना 475 अंशांजवळचा ठिसूळपणा वेगळाच. उष्णोपचार करायचाच तर केसने दिलेल्या सोल्यूशन तापमानाला, आणि लगेच जलद थंड. वेल्डिंगचा फिलर 2209 घ्या, 308एल नको.

कोडवाचक: कागदांचं: केस नंबर एमटीसीवर (मिलच्या चाचणी प्रमाणपत्रावर), प्लेटच्या मार्किंगवर आणि यू-1 फॉर्मच्या (व्हेसल उत्पादकाच्या डेटा रिपोर्टच्या) कोड केसच्या रकान्यात मागितलेला असतो. मिलने एमटीसीवर टाकला नाही तर नंतर दुरुस्त एमटीसी मिळवणं कटकटीचं होतं. व्हेसल परदेशात बसणार असेल तर तिथल्या प्राधिकरणाला ही केस मान्य आहे का, हे ऑर्डरपूर्वी लेखी विचारा. केस वापरणं ऐच्छिक असतं, ती नाकारायचा अधिकार त्यांना आहे.