बाहेरगावच्या पाहुण्यांना 'रविवारी दारूची दुकानं बंद' हे कसं कळवायचं?

गोंधळलेली_नवरी

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. लग्न रविवारी संध्याकाळी आहे. ते गाव आम्हा दोघांचंही नाही, दोन्हीकडच्यांना मध्ये पडतं म्हणून निवडलं. बाहेरून येणारे ७० च्या आसपास, बरेचसे शुक्रवारी रात्री नाहीतर शनिवारी दुपारी पोचणार. आता सगळं बुक झाल्यावर कळतंय की तिथली दारूची दुकानं शनिवारी संध्याकाळी ७ ला बंद होतात ती थेट सोमवारी सकाळी उघडतात. हॉलच्या बारला लायसन्स आहे त्यामुळे रिसेप्शनला ८ ते ११ सोय आहे, ती काळजी नाही. काळजी शनिवार रात्रीची आणि रविवार दिवसभराची, कारण ह्याची कॉलेजची गँग शनिवारी रात्री हॉटेलवर बसणार हे मला आजच लिहून देता येईल, आणि ९ वाजता बाटली आणायला निघाले आणि शटर बघितलं की फोन कोणाला येणार, तर मला, मेंदी लावलेल्या हातांनी.

मी हे लिहून ठेवलंय:

"सर्व पाहुण्यांना नम्र विनंती. स्थानिक नियमांनुसार मद्यविक्रीवर काही निर्बंध आहेत. कृपया त्यानुसार नियोजन करावे."

आई म्हणते असलं काही पाठवूच नकोस, लग्नाच्या निरोपात दारूचं नाव कशाला, आत्या वाचतील. हा म्हणतो पाठव, त्यात काय. तुम्ही काय केलं असतं?

खडूस_काका

सगळे सज्ञान आहेत ना? फोन आहे ना हातात? शोधतील त्यांचं ते. यजमानाने लग्न लावायचं की लोकांच्या बाटल्या मोजायच्या.

दोन_सुटकेस

काका, नाही शोधत हो कोणी. आपल्या गावात जे चालतं तेच सगळीकडे चालतं असं धरून माणूस निघतो, शंकाच आली नाही तर शोधणार काय.

माझा अनुभव सांगते. अमेरिकेत युटा राज्यात मैत्रिणीचं लग्न होतं २०१५ च्या जुलैत, शनिवारी, २५ तारखेला. तिथे वाइन आणि हार्ड ड्रिंक्स फक्त सरकारी दुकानात मिळतात, ती दुकानं रविवारी बंद आणि सरकारी सुट्टीलाही बंद. आता २४ जुलै ही त्या राज्याची स्वतःची सुट्टी, पायोनियर डे, बाहेरच्या माणसाच्या कॅलेंडरमध्ये ती नसतेच. त्या वर्षी ती नेमकी शुक्रवारी आली. म्हणजे शुक्रवार बंद, शनिवार लग्नाचा, रविवार बंद. आम्ही सहाजणी शुक्रवारी दुपारी उतरलो, टॅक्सी करून दुकानापर्यंत गेलो, पार्किंग रिकामं, काचेवर एक कागद चिकटवलेला आणि तो कागद वाचणाऱ्या आम्ही एकट्याच नव्हतो, आणखी दोघं अंकल तिथे उभे, तेही त्याच लग्नाचे निघाले! तिथेच ओळख झाली आमची. शेवटी किराणा दुकानातून हलकी बिअर आणली, तेव्हा तर ती फारच हलकी असायची, २०१९ च्या नोव्हेंबरपासून ५ टक्क्यांपर्यंतची चालते म्हणे. एका अंकलना शेजारच्या वायोमिंग राज्यातून गाडीत घालून आणायची सुरसुरी आली होती, तेही कायद्यात बसत नाही हे टॅक्सीवाल्याने सांगितलं म्हणून वाचले.

गंमत पुढे आहे. मैत्रिणीने कळवलं होतं! तिच्या मेसेजमध्ये अगदी तुझ्यासारखंच वाक्य होतं, इथले मद्याचे नियम वेगळे आहेत, कृपया लक्षात असू द्या. आम्ही सगळ्यांनी वाचलं आणि सगळ्यांनी आपापला अर्थ लावला. मला वाटलं वयाचा दाखला मागतात म्हणून सांगितलं असेल, म्हणून मी पासपोर्ट नेला होता.

मजकूर_दुरुस्ती_केंद्र

वरच्यांनी नेमकी नस पकडली. तुझ्या ड्राफ्टमध्ये नम्र आहे, विनंती आहे, निर्बंध आहे, नियोजन आहे, फक्त माहिती नाहीये. वाचणाऱ्याला दोनच गोष्टी हव्यात, कधीपर्यंत मिळेल आणि कधीपासून नाही. "स्थानिक नियमांनुसार" काढून टाक, ते आपण न्यायालयीन नोटीस दिल्यासारखं वाटतं. "कृपया नियोजन करावे" पण काढ, माणूस करेलच नियोजन, त्याला वेळ तर सांग.

आणि वार तारखेसकट लिही. नुसतं "वीकेंडला बंद" लिहिलंस तर अर्धे लोक शनिवारी दुकान बंद समजून शुक्रवारीच धावतील आणि अर्ध्यांना वाटेल वीकेंड म्हणजे काय ते बघू तिथे गेल्यावर.

मी असं लिहीन:

"शनिवारी पोचणाऱ्यांसाठी: इथली दारूची दुकानं शनिवारी संध्याकाळी ७ ला बंद होतात आणि रविवारी उघडत नाहीत. कोणाला काही घ्यायचं असेल तर ७ च्या आत घ्या. रविवारी रिसेप्शनला बार ८ ते ११ चालू आहे."

झालं. शेवटचं वाक्य ठेवच, नाहीतर लोकांना वाटेल लग्नच कोरडं आहे आणि सुटकेसमधून घेऊन येतील, मग हॉलवाल्याशी वाद. लायसन्सवाल्या हॉलमध्ये बाहेरची बाटली बहुतेक ठिकाणी चालत नाही, ते पण विचारून घे आधी.

साबरमती_रिटर्न

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. विक्री बंद असणं वेगळं आणि जवळ बाळगणं किंवा पिणं बंद असणं वेगळं. तुझं पहिल्या प्रकारातलं दिसतंय, म्हणजे आधी आणून ठेवली तर कोणी विचारत नाही. पण ज्यांचं लग्न दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी आहे त्यांनी हा धागा वाचून "येताना घेऊन या" असं लिहू नका प्लीज.

आमच्या घरात गुजरातला लग्न होतं. तिथे १९६० ला राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे, कायदा त्याच्याही आधीचा, मुंबई राज्याचा १९४९ चा. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला परमिट मिळतं, ऑनलाइन अर्ज करून, ओळखपत्र आणि बाहेरगावचा पत्ता दाखवून, आणि मग परमिटच्या दुकानातूनच घ्यायची. पण परमिट ज्याच्या नावावर त्याच्यापुरतंच. आमच्या एका मेव्हण्याला वाटलं एकाने काढलं की सगळ्या खोलीचं भागलं! तिथल्या साडूने त्याला बाजूला घेऊन समजावलं की बाबा तू मला ग्लास भरून दिलास तर आपण दोघंही आत. बिहारला २०१६ च्या एप्रिलपासून बंदी आहे आणि तिथे तर पाहुण्यांसाठी परमिट वगैरे भानगडच नाही, प्यायलेला सापडला तरी गुन्हा. अशा ठिकाणच्या निरोपात "मिळणार नाही" हे पुरत नाही, "आणू नका" असं स्पष्ट लिहावं लागतं. आम्ही लिहिलं होतं, "सामानात काहीही आणू नका, रस्त्यात तपासणी होते." एकही फोन आला नाही.

खडूस_काका

बरं बरं. पण मग जो नियम पाठवाल तो आजचा आहे ना ते तरी बघा. चंद्रपूरला २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली, तरी अजून लोक तिकडे कोरडंच समजून चालतात. उलटही होतं. निवडणूक लागली तर मतदान संपायच्या आधीचे ४८ तास ड्राय डे, तेव्हा हॉलचं लायसन्स कुलुपात. तारीख वर्षभर आधी काढली होती हे कारण सांगून बार उघडत नाही.

गोंधळलेली_नवरी

काका, तुम्ही शेवटी मदत केलीत, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

दुरुस्तीवाल्यांचा मजकूर तसाच्या तसा उचलतेय. साबरमती, हो, आमच्याकडे फक्त विक्रीचाच नियम आहे, हॉटेललाही विचारलं, खोलीत चालतं. पण आईचं काय करू? सगळे पाहुणे एकाच ग्रुपवर आहेत, आत्या, दोन्हीकडचे मामा, ह्याची कॉलेज गँग, सगळे. आणि आई आता म्हणते की वाचणाऱ्याला वाटेल आपणच सांगतोय की या आणि प्या.

आक्कासाहेब

आईंचं अगदीच चूक नाही हो. ग्रुपवर एकट्या दारूचा मेसेज टाकला तर तो एकटाच दिसतो, त्यावर कोणीतरी ग्लासांची चित्रं टाकतं, मग कोणीतरी जोक, मग एखादे मामा रागावून ग्रुप सोडतात. माझ्या मुलाच्या वेळी झालंय, विहीणबाईंना फोन करून समजूत काढावी लागली होती.

आम्ही मुलीच्या वेळी शहाणे झालो. "गावात उपयोगी पडेल असं" म्हणून एकच मोठा मेसेज केला. स्टेशनवरून रिक्षा किती वाजेपर्यंत मिळते, एटीएम कुठे, रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान कुठलं, खोल्यांना गरम पाणी कधी, आणि त्यातच पाचव्या ओळीला दारूची दुकानं अमुक वाजता बंद. ज्याला हवं त्याला ते बरोबर दिसतं, बघा, आणि ज्याला नको तो एटीएम वाचून पुढे जातो. पत्रिकेत मात्र काही घालू नका, पत्रिका देवापुढे ठेवतात.

आणि मेसेज दोनदा. एकदा आठ दिवस आधी आणि एकदा शनिवारी सकाळी, प्रवासात असतात तेव्हा, कारण आठ दिवसांपूर्वीचं कोणाच्या लक्षात राहतं.

ढगाळ_स्कॉटलंड

एक ओळ माझ्याकडून, गाडी चालवणाऱ्यांसाठी. दुकानाची वेळ बदलते तशी गाडी चालवायची मर्यादाही बदलते आणि ती कोणी सांगतच नाही. इकडे स्कॉटलंडला दुकानात सकाळी १० ते रात्री १० एवढ्याच वेळात दारू विकता येते, ते लोकांना काउंटरवर कळतंच, १०:०५ ला बाटली हातातून काढून घेतात. पण लंडनहून लग्नाला गाडी घेऊन येणाऱ्याला हे माहीत नसतं की तिकडे १०० मिली रक्तात ८० मिलीग्रॅमपर्यंत चालतं आणि इकडे डिसेंबर २०१४ पासून ५०. म्हणजे तिकडे जेवढी घेऊन तो बिनघोर चालवतो तेवढ्यावर इकडे लायसन्स जाऊ शकतं. दोन_सुटकेस, तुमच्या युटालाही २०१८ च्या शेवटी मर्यादा ०.०५ टक्के केली, म्हणजे आमच्या ५० एवढीच, बाकी बहुतेक अमेरिकेत ०.०८. तर त्या पाचव्या ओळीखाली सहावी ओळ, रात्री परत हॉटेलवर सोडायला गाडी आहे का, किती वाजेपर्यंत.

फ्योर्डकाठ

गोंधळलेली, हे ७ वाजताचं कुठून कळलं? हॉटेलने सांगितलं की दुकानाला विचारलं? विचारायचं कारण, मी नॉर्वेत राहतो, इथे ४.७ टक्क्यांच्या वरचं सगळं फक्त सरकारी दुकानात, आणि साध्या दुकानातली बिअरसुद्धा एरवी रात्री ८ पर्यंत पण शनिवारी ६ पर्यंतच. सुट्टीच्या आदल्या दिवशीही तसंच. बिअरची फ्रीज असते तिथेच, दिवे चालू, फक्त वरून पडदा ओढलेला. बाहेरून आलेले पाहुणे त्या पडद्यासमोर उभे राहून माझ्याकडे असे बघतात जसा काही मीच ओढलाय. वेबसाइटवर रोजची वेळ असते, त्या ठरावीक तारखेची नसते. तुझ्या शनिवारची वेळ फोन करून विचार, तारीख सांगून.

गोंधळलेली_नवरी

हॉटेलवाल्याने सांगितलं होतं. उद्या फोन करते दुकानाला.

गोंधळलेली_नवरी

केला. बरं झालं केला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तिथे सुट्टी आहे. त्यामुळे त्या शनिवारी दुकान ७ ला नाही, ५ ला बंद होणार आणि उघडणार मंगळवारी. ह्याच्या गँगची ट्रेन शनिवारी ४:२० ला पोचते. स्टेशन ते दुकान पंचवीस मिनिटं, म्हणजे उतरल्या उतरल्या पळाले तर मिळेल, सामान घेऊन हॉटेलवर गेले तर नाही.

मेसेज अजून पाठवला नव्हता, देवाची कृपा. आता आक्कासाहेबांच्या पद्धतीने लिहिलाय, रिक्षा, एटीएम, औषधं, गरम पाणी, आणि पाचवी ओळ: "दारूची दुकानं या शनिवारी संध्याकाळी ५ ला बंद, मग थेट मंगळवारी. रविवारी रिसेप्शनला बार ८ ते ११." सहावी ओळ: "रात्री ११:३० ला हॉलवरून हॉटेलला बस आहे, गाडी चालवू नका." आईला वाचून दाखवला. ती म्हणाली गरम पाण्याची वेळ चुकली आहे, साडेपाचपासून असतं. बाकी काही बोलली नाही.

मजकूर_दुरुस्ती_केंद्र

"या शनिवारी" काढ, तारीख टाक. आठ दिवस आधी पाठवणार आहेस ना.

गोंधळलेली_नवरी

काढलं 🙏