पाव भाजायची विटांची भट्टी दोनदा बघा
ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं जुनं गाव उभं केलेलं खुलं संग्रहालय. 'तिथे नुसती जुनी घरं, मुलं तासाभरात कंटाळतात' असं कुणी म्हणतं, ते मला पटलं नाही. कंटाळा येतो तो घरामागून घरं उरकल्यामुळे. १८३०च्या दशकातली कामं तिथे खरोखर चालतात, फक्त त्यांना वेळ लागतो. त्या दिवशी पाव भाजायची भट्टी पेटणार आहे का, हे आत शिरतानाच विचारा. पेटणार असेल तर तिथे दोनदा जा, एकदा जाळ बघायला आणि एकदा भाजणं बघायला.

चुलीशेजारच्या विटांच्या भट्टीत जाळ थेट आतच करतात. साधारण दोन तासांनी छताची काजळी जळून विटा पांढुरक्या दिसल्या की निखारे ओढून काढायचे, तळ झाडायचा आणि दार लावून थोडं थांबायचं. हे थांबणंच महत्त्वाचं, कारण तळ तेव्हा सर्वात तापलेला असतो. घाई केली की पाव खालून करपतो, मध्ये कच्चा राहतो. उष्णता उतरत जाते, म्हणून आधी पाव, मग 'पाय' (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ), कस्टर्ड शेवटी.

आणि मुलांना बिनधास्त प्रश्न विचारू द्या. मॅसॅच्युसेट्समधल्याच प्लिमथच्या अशाच संग्रहालयात इंग्रज वस्तीतले कलाकार सतराव्या शतकातले होऊन बोलतात, तिथे मोबाइलचं नाव काढलं की गोंधळल्यासारखं करतात. स्टरब्रिजमध्ये पोशाख जुना, पण उत्तरं आजच्या भाषेत सरळ मिळतात.