पुढची कॉमिक्स मालिका कुठली घ्यावी, संपलेली की अर्धवट राहिलेली?

निळी शाई:
काल रात्री दोनला मॉन्स्टर संपवलं. नाओकी उरासावाचं मंगा म्हणजे जपानी कॉमिक, मूळ 18 भाग, माझ्याकडे दोन-दोन एकत्र बांधलेली 9 पुस्तकं आहेत. जर्मनीतल्या दवाखान्यात काम करणारा जपानी सर्जन एका पोराचा जीव वाचवतो आणि तेच पोर मोठं होऊन माणसं मारत सुटतं, या एवढ्याशा गोष्टीवर सगळा डोलारा उभा आहे. शेवटचं पान मिटलं आणि झोपच लागेना.

आता पुढे काय घेऊ? बोनसमधले बारा हजार बाजूला काढलेत, म्हणजे एकच लांब मालिका होईल, दोन नाही. यादीत बर्झर्क, व्हॅगाबाँड, सागा, लोन वुल्फ अँड कब आणि फुलमेटल अल्केमिस्ट अशी पाच नावं आहेत. माझं मत मी आधीच सांगतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. संपलेलीच मालिका विकत घ्यावी. त्या हिशोबाने पहिली तीन कटाप. व्हॅगाबाँड 1998 ला सुरू झालं, 37 भाग आले आणि 2015 पासून एक नवीन प्रकरण नाही. बर्झर्क काढणारे केंतारो मिउरा मे 2021 मध्ये गोष्ट अर्धी ठेवून गेले, अवघे 54 वर्षांचे होते. सागा 2018 मध्ये 54व्या अंकाला थांबलं ते जानेवारी 2022 ला परत आलं, एकूण अंक ठरलेत 108, म्हणजे बरोबर मध्यावर आणून साडेतीन वर्षं लटकवलं वाचकाला. शेवट वाचल्याशिवाय सुरुवात चांगली होती का तेच कळत नाही असं माझं म्हणणं. मॉन्स्टरमध्ये सुरुवातीला सहज दिसून गेलेल्या गोष्टी शेवटी अशा अंगावर येतात की परत मागे जाऊन बघावं लागतं. तो शेवट आलाच नसता तर त्या नुसत्या सुट्या गोष्टी राहिल्या असत्या.

रद्दीतला वेताळ:
अजिबात पटलं नाही. माझं वय आता अठ्ठावन्न, माझं सगळं कॉमिक्स वाचन रद्दीच्या दुकानात झालं. इंद्रजाल कॉमिक्स 1964 ला सुरू झालं, 1990 ला बंद पडलं, आम्हाला मराठीतला वेताळ (इंग्रजीतला फँटम) मिळायचा तो असा की आधीचा अंक सापडला तर पुढचा नाही, पुढचा सापडला तर कव्हर फाटलेलं. डेंकालीचं जंगल, कवटीची अंगठी, ज्याला ठोसा बसला त्याच्या जबड्यावर उमटणारी ती खूण, हे सगळं आजही डोळ्यासमोर आहे. वेताळाचा शेवट वाचलाय का कोणी? ली फॉकने 1936 ला सुरू केला आणि 1999 ला स्वतः जाईपर्यंत लिहीत राहिला, शेवट केलाच नाही. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, ही गोष्टच न संपणारी आहे. मग आमचं वाचन वाया गेलं का? तुम्ही गोष्ट विकत घेताय की शेवट विकत घेताय?

निळी शाई:
काका, वेताळाची प्रत्येक गोष्ट त्या अंकात किंवा फार तर दोन अंकांत मिटायची की. चाचे पकडले, बेटावरून बाहेर काढले, झालं. व्हॅगाबाँड तसं नाही ना, ती एकच सलग गोष्ट आहे 37 भागांची. दोन्ही एका मापाने कसं मोजणार?

मिरजकर:
निळी शाईशी सहमत, आणि लोन वुल्फला डोळे झाकून मत. 1970 ते 76 मध्ये आलेली मालिका, 28 भाग, लिहिणारे काझुओ कोईके आणि चित्रं गोसेकी कोजिमांची, दोघांनी मिळून सुरू केली आणि दोघांनी मिळून संपवली. शोगुन म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, त्याच्या हुकुमाने शिरच्छेद करणारा अधिकृत जल्लाद ओगामी इत्तो, त्याच्यावर याग्यू घराण्याने राजद्रोहाचा आळ आणलेला. घर उद्ध्वस्त झाल्यावर तो रांगत्या पोरासमोर दोन वस्तू ठेवतो, एक तलवार आणि एक चेंडू. चेंडू घेतला तर आईकडे म्हणजे मरणाकडे पाठवणार, तलवार घेतली तर बापाबरोबर रस्त्यावर. पोर आधी चेंडूकडे बघतं. ती पानं उलटताना माझा हात थांबला होता, कारण तेव्हा माझा मुलगा तेवढाच होता. आणि काकांचंही समाधान होईल यात, कारण बरीचशी प्रकरणं सुटी आहेत, पाचशे सोन्याचे र्‍यो घेऊन एक काम करायचं आणि लाकडी गाडीत पोराला घालून पुढच्या रस्त्याला लागायचं, मागे मात्र याग्यूंचा सूड हळूहळू शिजत राहतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. खिशात मावतील अशी छोटी पुस्तकं मिळाली तर अक्षरं बारीक आहेत, डोळ्यांना त्रास होतो, जमलं तर जाड एकत्रित आवृत्ती बघा. आणि इंग्रजीत छापताना डावीकडून उजवीकडे वाचता यावं म्हणून चित्रं आरशासारखी उलटवलीत, त्यामुळे तलवार डाव्या हातात दिसते. मला ते खटकतं, अनेकांच्या लक्षातही येत नाही.

भातखाचर:
मी व्हॅगाबाँडच्या बाजूने लिहिणार आणि जरा लांब लिहिणार.

मालिकेचा नायक मुसाशी योशिओका घराण्याच्या सत्तर तलवारबाजांना एकट्याने कापतो ते 25 ते 27 या भागांत येतं, सगळे त्याचंच कौतुक करतात आणि ते आहेच थरारक, पण माझ्यासाठी ती मालिका खरी त्यानंतर सुरू होते. हा माणूस फिरत फिरत एका भुकेकंगाल खेड्यात पोचतो, तिथे एक अनाथ पोरगा आहे, जमीन अशी की कुदळ मारली तर हात झिणझिणतील, आणि जगातला सगळ्यात जबर तलवारबाज तिथे भात पिकवायला बसतो. येत काहीच नाही त्याला. गावातला एक म्हातारा त्याच्याकडे बघून वैतागतो. किती पानं नुसती माती, पाणी, आभाळ आणि वाकलेली पाठ, एक शब्द नाही. मालिका काढणारे ताकेहिको इनोउए मध्येच टाक सोडून ब्रशवर आले, त्यामुळे तो चिखल शाईचा आहे की खरा असं होतं.

माझे आजोबा रत्नागिरीकडचे. चिखलणी झाली की खाचरात अनवाणी उतरायचे आणि टाच दाबून बघायचे, खाली कडक लागतंय की मऊ, पाणी कुठल्या बांधातून निसटतंय. बोलायचे काहीच नाहीत, नुसते उभे. मी दहा-अकरा वर्षांचा, मला वाटायचं हे वेळ घालवतायत. व्हॅगाबाँडमध्ये मुसाशी शेतात तसाच उभा राहिलेला बघितला आणि आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर मला पहिल्यांदा कळलं की ते काय करत होते. आता सांगा, या मालिकेला शेवट नाही म्हणून मी हे वाचायचंच नव्हतं का?

शिवाय शेवट माहीतच आहे की. 1612 मध्ये गान्र्यू बेटावर मुसाशी आणि त्याचा प्रतिस्पर्धी सासाकी कोजिरो समोरासमोर आले आणि कोजिरो मेला, इतिहास आहे तो. कोण जिंकणार यासाठी कोणी वाचतच नाही.

आडवा कागद:
बर्झर्कबद्दल अर्धीच माहिती दिलीय धाग्यात. मालिका बंद पडलेली नाही. मिउरांचा शाळेपासूनचा मित्र कोजी मोरी, तो स्वतः मंगा काढणारा, त्याला मिउरांनी कित्येक वर्षांपूर्वी पूर्ण गोष्ट शेवटपर्यंत सांगून ठेवली होती. जून 2022 पासून मोरीच्या देखरेखीखाली मिउरांच्याच स्टुडिओतले सहायक पुढे काढतायत. मोरीने आधीच जाहीर केलं की मिउरा मला जे बोलला तेवढंच लिहीन, पदरचं घालणार नाही. मित्राचं काम तडीस नेणं याहून मोठं काय असतं?

मिरजकर:
भावना समजते पण हात वेगळा तो वेगळाच. टिनटिन काढणाऱ्या हर्जेने स्पष्ट म्हणलं होतं की माझ्यानंतर टिनटिन कोणी काढू नये, 1983 ला तो गेला, शेवटची गोष्ट कच्च्या रेखाटनांतच राहिली आणि ती तशीच छापली. मला तेच बरोबर वाटतं. अ‍ॅस्टेरिक्सचं बघा, 1977 ला लेखक गोसिनी गेल्यावर चित्रकार उदेर्झोने एकट्याने लिहिलेले आणि आधीचे शेजारी ठेवून वाचा, चित्रं तीच पण संवादातली ती गंमत कुठाय?

आडवा कागद:
हर्जेने नको म्हणलं होतं, मिउरांनी मित्राला गोष्ट सांगून ठेवली होती. दोन्ही एक कसं? आणि उदेर्झो काही परका नव्हता, अर्धा अ‍ॅस्टेरिक्स त्याचाच होता.

तेरा वर्षांच्या मुलीची आई:
सगळ्यांनी आपापल्या आवडीचं सांगितलं, घरात अजून कोण वाचणार हे कोणी विचारलंच नाही. बर्झर्कमध्ये बलात्काराचे प्रसंग आहेत, तेही अगदी सविस्तर, ते लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका ही कळकळीची विनंती. आमच्याकडे फुलमेटल अल्केमिस्टचे 27 च्या 27 भाग आहेत, 2001 ते 2010 मधली मालिका, पूर्ण झालेली. मेलेल्या आईला परत आणायला जाऊन दोन भावांनी काय काय गमावलं त्याची गोष्ट. ती काढणारी हिरोमू अराकावा जपानमधल्या होक्काइदोच्या दूधदुभत्याच्या घरातली, त्यामुळे कष्ट आणि मोबदला हा हिशोब तिच्या गोष्टीत पक्का असतो. मुलगी आधी वाचायची, मग मी, आणि रात्री भांडी आवरताना आम्ही दोघी बोलायचो की त्यातल्या थोरल्या भावाने, एडवर्डने, वडिलांना माफ करावं की नाही. ती म्हणायची नाही, मी म्हणायचे हो. बारा हजारांत मला याहून जास्त काही मिळालं नसतं.

निळी शाई:
ताई, घरात सध्या मी एकटाच आहे, पण पुढच्या वर्षी भाची शिकायला येतेय माझ्याकडे, म्हणून तुमचं म्हणणं लक्षात ठेवलंय, फुलमेटल तेव्हा नक्की.

लोन वुल्फ घेतोय, जाड आवृत्तीचे पहिले तीन खंड आज मागवले. भातखाचर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तरी पैसे द्यायचे तर पूर्ण गोष्टीला हे माझं मत कायम आहे. पण ते शेतीचं मला वाचायचंच आहे. ते कुठून सुरू होतं? तेवढेच भाग घेतले तर चालेल का?

भातखाचर:
34व्या भागाच्या आसपास सुरू होतं, पण तिथून उचलू नका. सत्तर माणसं मारून आलेले हात आहेत ते, ते आधी बघितले नाहीत तर नुसता एक माणूस खणताना दिसेल. निदान 14 ते 20 मधला कोजिरो वाचा, तो यात बहिरा दाखवलाय, आणि मग 25 पासून सलग. पुण्यात असाल तर विकत घेऊ नका, माझ्याकडचे न्या. 16वा सोडून सगळे आहेत, तो एकाने नेलाय आणि दिवाळीत देतो म्हणालाय.