रात्री आठनंतरची भाजी

(इमारतीतील रहिवाशांच्या गटावरील संवाद; नावांऐवजी फ्लॅट क्रमांक दिले आहेत.)

ए-२०३ : सर्वांना नमस्कार. काल रात्री साडेआठच्या सुमारास मी ज्या मावशींकडून नेहमी भाजी घेते, त्यांनी दिवसभरात उरलेली ४ किलो वांगी मला ६० रुपयांना दिली. सकाळी त्याच वांग्यांचा भाव ३० रुपये किलो होता. आमच्या घरी तीनच माणसे असल्यामुळे एवढी वांगी आम्हालाच संपवणे शक्य नाही. म्हणून असे सुचवावेसे वाटते की आठवड्यातून दोनदा आपल्यापैकी कोणीतरी उशिरा बाजारात जावे, उरलेली भाजी एकत्र घ्यावी आणि पार्किंगमध्ये वजन करून ती सर्वांनी वाटून घ्यावी.

सी-१०१ : ताई, कल्पना चांगली आहे, परंतु माझा अनुभव वेगळा आहे. मागच्या हिवाळ्यात मी मेथीच्या पाच जुड्या अगदी कमी दरात आणल्या, त्यांतील दोन शिजवल्या आणि तीन पिवळ्या पडून कचऱ्यात गेल्या. अशा खरेदीत नेमके वाचते काय?

ए-२०३ : भाऊ, मी कालच्या वांग्यांचाच हिशेब मांडते. ४ किलोंपैकी १ किलो फेकावी लागली तरी उरलेली ३ किलो २० रुपये दराने पडतात, म्हणजे किलोमागे १० रुपये वाचतात. निम्मी फेकली तर दर ३० रुपये होतो, म्हणजे सकाळचाच भाव, आणि ताजा माल मात्र हातून गेलेला असतो. त्यामुळे बचत बाजारात होत नाही, ती त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात होते, हे आपल्या अनुभवावरून मला पूर्णपणे पटते.

बी-४०२ : माझे माहेर भरीताच्या वांग्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या, जळगाव जिल्ह्यातील बामणोदचे असल्यामुळे वांग्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते. साल किंचित सुरकुतलेले वांगे भरीताला चालते, मात्र ते हातात हलके लागले पाहिजे, कारण जड वांगे बहुधा बियांनी भरलेले निघते. देठाजवळ किंवा अंगावर बारीक छिद्र दिसले तर आत अळी असू शकते. असे वांगे सबंध भाजू नये, आधी चिरून पाहावे आणि पोखरलेला भाग काढून उरलेल्या फोडी भाजीला वापराव्यात. चांगली वांगी त्याच रात्री भाजून घ्यावीत. माहेरी कपाशीच्या वाळलेल्या काटक्यांवर भाजत असत, येथे गॅसच्या आचेवर भाजतो, चवीत फरक पडतो पण काम होते. भाजलेला गर साल काढून डब्यात भरला की फ्रीजमध्ये दोन दिवस आणि फ्रीझरमध्ये दोन महिने सहज राहतो. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालून केलेले भरीत आणि कळण्याची (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी एवढ्यावर आमच्या पाच माणसांचे जेवण होते. उरलेल्या वांग्यांची, वरण-बट्टीबरोबर लग्नकार्यात करतात तशी घोटलेली भाजी करावी. भाजून, घोटून किंवा ठेचून संपणारी भाजी थोडी कोमेजलेली असली तरी बिघडत नाही, परंतु ज्या भाजीची फोड ताटात अख्खी दिसणार आहे, ती मात्र सकाळी ताजीच आणावी, असे मी गेली तीस वर्षे करत आले आहे.

सी-१०१ : काकू, मग मेथीचे काय करावे?

बी-४०२ : जुडी आणल्याबरोबर सोडावी, पिवळी पाने काढावीत आणि उरलेली न धुता कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवावीत. पाण्याचा अंश राहिला की पाने सडतात. दुसऱ्या दिवशी तुरीची डाळ भिजवून जाडसर वाटावी, त्यात ही मेथी, कांदा आणि मिरची घालून त्याचे मुटके, म्हणजे फुणके, वाफवावेत आणि कढीबरोबर खावेत. लाल होऊ लागलेल्या मिरच्यांचा ठेचा करावा. मऊ टोमॅटो शिजवून, गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावेत, म्हणजे शेवभाजीच्या रश्श्याला हवे तेवढेच काढता येतात.

डी-३०५ : घरात लहान मूल आहे म्हणून विचारते. बुरशी लागलेला भाग कापून टाकला तर उरलेले चालते का?

बी-४०२ : टोमॅटो, काकडी यांसारख्या मऊ भाजीवर बुरशी दिसली तर ती संपूर्ण फेकावी, कारण आत किती पसरली आहे ते डोळ्यांना दिसत नाही. कोबीची वरची पाने नुसती कोमेजली असतील तर ती काढून आतला गड्डा वापरता येतो. हिरवट पडलेले किंवा फार मोड आलेले बटाटे मात्र फुकट मिळाले तरी आणू नयेत. त्यांतील सोलानिन हा विषारी घटक शिजवल्याने जात नाही.

सी-१०१ : माझी शंका मिटली, मी सहभागी होतो. मार्च-एप्रिलमध्ये गवार आणि मेथी स्वस्त मिळाल्यास ती वाळवण्यासाठी गच्चीचा कोपरा आपण राखून ठेवू. आपल्याकडच्या उन्हात गवार दोन-तीन दिवसांत कडकडीत होते. मेथी सावलीत वाळवावी, म्हणजे तिचा रंग टिकतो.

ए-२०३ : एक विनंती मात्र मनापासून करते. त्या मावशी पहाटे लिलावातून माल उचलतात आणि रात्री नऊपर्यंत रस्त्यावर बसतात. त्या स्वतःहून जो भाव सांगतील, तो आपण घासाघीस न करता आणि रोख द्यावा. उरलेला माल परत नेण्याचे रिक्षाभाडे वाचते म्हणून त्या कमी भावात देतात, त्याच्याही खाली त्यांना ओढू नये.

बी-४०२ : अगदी योग्य. आम्ही गेलो की वांगी त्या स्वतः निवडून देतात, तो विश्वास मोडू नये.

ए-२०३ : मग मंगळवार आणि शुक्रवार ठरवू. या शुक्रवारी मी जाते, पुढच्या मंगळवारी सी-१०१ मधील भाऊ जातील. ज्यांना वांगी आणि मेथी हवी आहे, त्यांनी गुरुवारी रात्रीपर्यंत येथे फक्त फ्लॅट क्रमांक आणि हवे असलेले वजन लिहावे. डी-३०५, तुमच्याकडचा वजनकाटा शुक्रवारी रात्री साडेनऊला खाली आणता येईल का?

डी-३०५ : हो ताई, आणते. माझ्यासाठी वांगी १ किलो आणि मेथीची एक जुडी लिहून ठेवा.