प्रति: पार्टिशनचं नाव बदलतं कसं?
भाऊ, जळगावच्या शाळेतल्या लिनक्स मशिनला नवी डिस्क जोडल्यावर जुन्या पार्टिशनचं, म्हणजे डिस्कच्या भागाचं, नाव ‘एसडीबी१’चं ‘एसडीसी१’ झालं, असं तुम्ही लिहिलंय. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, डिस्क ज्या क्रमानं सापडतात त्यावरून ती अक्षरं पडतात, म्हणून एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ते लिहिलेल्या फाइलमध्ये, ती लिहूच नका. यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा स्वतःचा वेगळा ओळखक्रमांक, टाका; ‘बीएलकेआयडी’ ही कमांड चालवली की दिसतो. लेबल, म्हणजे आपण दिलेलं नाव, तेही चालतं, आणि मला तेच आवडतं, वाचता तरी येतं! फक्त ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये लेबलला १६ बाइटच मिळतात आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा-उकार धरून, ३ बाइट घेतं. ‘जळगाव’ १५ मध्ये बसतं, ‘भुसावळ’ला १८ लागतात. भुसावळच्या डिस्कला इंग्रजी लेबल द्या. दोन पार्टिशनना एकच लेबल मात्र नको, कुठलं माउंट होईल, म्हणजे जोडलं जाईल, याचा नेम नाही.