बडोद्याच्या दमट हवेत इंजिनिअर्ड वूडची फरशी टिकते का? खालच्या आणि वरच्या खोलीत करायचीय

समावाली

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. समा भागात आमचं टेनामेंट आहे, खाली हॉल-किचन आणि सासूबाईंची खोली, वर आमच्या दोन खोल्या. खाली तीसेक वर्षांपूर्वीची मोझॅक आहे आणि वर विट्रिफाइड. सासूबाईंचं म्हणणं असं की थंडीत मोझॅकवर पाय टेकला की गुडघ्यातून कळ येते, त्या डिसेंबर-जानेवारीत घरात मोजे घालून फिरतात, आणि यजमानांनी कुठल्याशा हॉटेलात लाकडी फरशी बघितली तेव्हापासून त्यांच्या डोक्यात तेच बसलंय. तर एक खालची सासूबाईंची खोली (१२ बाय १४) आणि एक वरची (१२ बाय १६) असं करायचं ठरतंय.

दोन दुकानं फिरून झाली. एकाने १४ मिमीची ओकची पट्टी दाखवली, वरचा लाकडाचा थर ३ मिमी. दुसऱ्याकडे १२ मिमी, वरचा थर पाऊण मिमीसुद्धा नसेल, पण भाव जवळजवळ अर्धा. दोघंही छातीठोकपणे सांगतात, "बेन, वॉटरप्रूफ छे, कशु नै थाय." मिस्त्री म्हणतो माल आला की चार दिवसांत बसवून देतो, दिवाळीच्या आत म्हणजे फारच आत, याच महिन्यात. बाहेर पाऊस धो धो पडतोय, कपडे दोन दिवस वाळत नाहीयेत.

एक गोष्ट सांगायला हवी, ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी आमच्याकडे खाली शिरलं होतं, पलंगाच्या पाट्यापर्यंत. त्यानंतर नवा रंग दिला पण सासूबाईंच्या खोलीतल्या एका भिंतीला खालून हातभर लोणा लागतोच आहे, पोपडे निघतात. याचा फरशीशी काही संबंध आहे का की मी उगाच घाबरतेय?

रंधा_पटाशी

ताई, उगाच नाही घाबरत आहात, सगळ्या प्रश्नातलं महत्त्वाचं तुम्ही शेवटी लिहिलंत. वीसेक वर्षं इंटिरिअरची कामं करतोय, आधी वडिलांबरोबर फर्निचर, त्यामुळे लाकडाचं थोडंफार कळतं असं समजा.

पहिलं म्हणजे "वॉटरप्रूफ" हा शब्द विसरा. वरचा थर लाकूडच असतो, खरं लाकूड. खाली प्लाय किंवा एचडीएफ असतं. प्लायमध्ये एका थराचे रेषे आडवे तर दुसऱ्याचे उभे, म्हणून लाकडाला फुगायचं असलं तरी थर एकमेकांना धरून ठेवतात, अख्ख्या लाकडाच्या पट्टीपेक्षा हे कितीतरी शांत राहतं, एवढाच त्याचा फायदा. पाणी साचलं तर काही खैर नाही. दुकानदाराला सरळ विचारा, कोर कशाचा आहे. एचडीएफ म्हणजे दाबलेला लाकडी तंतू, एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि सुकला तरी परत बसत नाही. आपल्या हवेला प्लायचा कोरच घ्या. खात्री करायची असेल तर सँपलचा चार इंची तुकडा मागून आणा आणि पातेल्यात तासभर उकळा. रंग काळपट होईल, ते सोडून द्या, पण थर सुटले किंवा कडा फुलल्या तर तो माल तिथेच ठेवा. मरीन प्लाय, आयएस ७१० वाला, त्याची कंपनीत ७२ तास उकळून चाचणी होते, आपण तर तासभरच मागतोय.

जाडीचं म्हणाल तर ३ मिमी थर असला की दहा-बारा वर्षांनी घासून परत पॉलिश मारता येतं. पाऊण मिमीला एकदा घासलं की खालचा प्लाय दिसला. अर्धा भाव कशामुळे ते इथे कळतं.

आता मुख्य गोष्ट. लोकांना वाटतं दमट हवा हा शत्रू आहे. शत्रू खरं तर बदल आहे. बडोद्यात मे महिन्यात दुपारी हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८०-९० टक्के दमटपणा. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं, हवा ३० टक्क्यांवर असली तर लाकडात साधारण ६ टक्के पाणी राहतं आणि ८० टक्क्यांवर गेली तर १६ च्या आसपास. रेषेच्या आडव्या दिशेने ते फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. ओकपेक्षा साग कितीतरी कमी हलतो, म्हणून आपले आजोबा सागाच्या मागे होते. जमलं तर सागाचा वरचा थर मिळतो का बघा, महाग पडेल पण.

म्हणून या महिन्यात बसवू नका. आत्ता पट्ट्या फुगलेल्या असतील, घट्ट बसतील, आणि मेमध्ये जोड उघडून फटीत नाणं जाईल. मेमध्ये बसवलं तर उलट, पावसाळ्यात एकमेकांना ढकलून वर येतील. दिवाळी झाली की हवा मध्यावर येते, नोव्हेंबर ते जानेवारी, तेव्हा करा. हे ऐकून यजमान नाराज होणार.

खालच्या खोलीचं, खरं सांगू? करू नका. लोणा म्हणजे जमिनीतली ओल भिंतीतून वर चढतेय आणि क्षार बाहेर पडतायत. भिंतीत चढते तशी फरशीखालीही आहे, फक्त दिसत नाही.

वासणारोड

रंधाभाऊंच्या खालच्या खोलीच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडतो, नाहीतर मला शांत झोप लागणार नाही.

आमचंही तळमजल्यावरच होतं. गेल्याच्या गेल्या वर्षी जूनमध्ये बसवून घेतलं, ज्याने बसवलं त्याने खाली पातळ फोम टाकला, प्लास्टिकचा कागद मागितला तर म्हणाला जरूर नथी. पहिला महिना घरात येईल त्याला चपला बाहेर काढायला लावायचो. मग गोकुळाष्टमीच्या सुमाराला एका संध्याकाळी गॅलरीतून उन्हाची तिरीप आत आली आणि फरशी मला पन्हाळी पत्र्यासारखी दिसली. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा वर, मधला भाग खोल. हात फिरवला तर बोटाला जोड लागत होता. भिंतीकडच्या एका जोडात काळी बुरशीची रेघ. एक पट्टी उचलली तर खालचा फोम स्पंजासारखा ओला.

कारण खाली ओल जास्त आणि वर कमी, म्हणून पट्टी खालून फुगते आणि कडा उचलल्या जातात. त्या दुकानदाराने हात झटकले, म्हणे तुम्ही पोछा जास्त ओला मारता. पोछाही थोडा ओला असायचा हे खरं, पण पोछ्याने खालून ओल येत नाही ना हो. शेवटी सगळं काढलं आणि चकचकीत टाइल्स लावल्या. पैसे गेले ते गेलेच, वर काढायची मजुरीही मीच दिली.

फरशीच_बरी

हे सगळं वाचून हसू येतं. ज्या गावात दर पावसाळ्याला लोक मगर कुठे निघाली ते विचारतात तिथे लाकडी फरशी?? कोटा स्टोन घ्या आणि सासूबाईंना एक जाड सतरंजी. नाहीतर एसपीसी लावा, पाणी पडलं तरी काही होत नाही, दिसायला लाकूडच दिसतं, आणि भाव निम्म्याहून कमी.

रंधा_पटाशी

कोट्याबद्दल भांडण नाही, पायाला थंड लागतो एवढंच, आणि थंडीवरूनच तर विषय निघाला. एसपीसी दगडाची पूड आणि पीव्हीसीचं असतं, ते पाण्याने फुगत नाही हे बरोबर. पण पश्चिमेची मोठी काच असेल आणि दुपारी सरळ ऊन फरशीवर पडत असेल तर ते उन्हाने वाढतं आणि जोडाजवळ वर येतं. एक काम गोत्रीला असंच फसलंय, पडदा लावून बसले आता. आणि खालून ओल येत असेल तर एसपीसीखाली ती अडकून बुरशी धरते, वास येतो, तुम्हाला वर दिसत नाही एवढंच. म्हणजे आधी ओल थांबवा, मग वर काय टाकायचं ते टाका.

सतरंजीची कल्पना मात्र खालच्या खोलीसाठी मनापासून पटली, चेष्टा करत नाहीये.

समावाली

बापरे, वासणारोड दादा, तुमचं वाचून पोटात गोळा आला. सासूबाईंना सतरंजी म्हटलं तर म्हणाल्या आधी तू बस तिच्यावर. असो.

वरची खोली तरी करायचीच आहे. तिथे खाली काही ओल नाही ना हे कसं कळेल? आणि वरती विट्रिफाइड आहे, ती काढावी लागेल का? काढायची म्हटली तर आवाज, धूळ आणि शेजाऱ्यांचे टोमणे.

रंधा_पटाशी

काढू नका. विट्रिफाइड घट्ट बसलेली असेल तर तिच्यावरच होतं. सगळीकडे मुठीने ठोकत जा, जिथे पोकळ आवाज येईल ती टाइल काढून परत भरा. मग दोन मीटरची सरळ अॅल्युमिनियमची पट्टी आडवी-तिडवी ठेवून बघा, खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली की सेल्फ लेव्हलिंग (पातळ मिश्रण ओतून फरशी सपाट करणं) करून घ्या, नाहीतर चालताना टकटक वाजेल आणि क्लिक लॉक, म्हणजे पट्ट्या एकमेकींत अडकवायच्या खाचा, तुटतील.

ओलीची घरगुती तपासणी: जाड पारदर्शक प्लास्टिकचा दोन फुटी चौकोन घ्या, चारी बाजूंनी रुंद टेप लावून फरशीवर चिकटवा, हवा आत जाता कामा नये, आणि दोन दिवस हात लावू नका. काढल्यावर आतून थेंब असतील किंवा खालचा भाग काळपट पडला असेल तर ओल आहे. टाइलवर मध्ये लावून उपयोग नाही, सांध्यांवर येईल असा लावा, ओल सांध्यातूनच येते. खालच्या खोलीतही एक लावून बघा, मला नाही तर यजमानांना दाखवायला.

बाकी पटपट लिहितो. खाली २०० मायक्रॉनचा पॉलिथिन, एकावर एक वीतभर चढवून टेप, भिंतीकडे थोडा वर दुमडायचा. त्यावर २ मिमीचा फोम. भिंतीपासून चारी बाजूला १०-१२ मिमी जागा सोडायची, दाराच्या चौकटीपाशी सुद्धा, मिस्त्री इथेच चलाखी करतात, चौकट खालून कापायचा कंटाळा म्हणून पट्टी चिकटवून टाकतात आणि मग फरशीला फुगायला जागाच नाही. लागून असलेल्या ओळींतल्या पट्ट्यांच्या टोकांच्या जोडांमध्ये निदान फूटभर अंतर. स्कर्टिंग भिंतीला ठोका, फरशीला नाही. तुमची खोली १६ फुटांची, मध्ये प्रोफाइल (जोडपट्टी) लागणार नाही. १९२ चौरस फुटाला दहा टक्के धरून २११-२१२ मागवा. आणि एकूण जाडी १६ मिमी वाढेल, त्यामुळे दार खालून तासायला सुताराला आधीच बोलवा, नाहीतर शेवटच्या दिवशी दार फरशीला घासून पहिला ओरखडा पडतो आणि घरात भांडण.

वाळवीचा पण विचार करा, जुनं टेनामेंट आहे म्हणून. आधी अँटी टर्माइट करून घ्या, मग फरशी.

वासणारोड

आणि बॉक्स आल्या आल्या उघडून बसवायला देऊ नका. त्याच खोलीत आडवे ठेवा दोन-तीन दिवस, भिंतीला उभे टेकवून नाही, वाकतात. आमच्या माणसाने टेम्पोतून उतरवून तासाभरात कामाला सुरुवात केली होती.

समावाली

प्लास्टिक लावलं होतं दोन्हीकडे. वरचं कोरडं ठणठणीत. खालचं काढलं तर आतून एवढे थेंब की बोटाने नाव लिहिता आलं असतं, आणि मोझॅकच्या मधल्या रेघा काळ्या. यजमान बघत राहिले, मग गप्पच झाले. त्यांनी स्वतः जाऊन एक हायग्रोमीटर आणला, साधाच आहे, आत्ता खोलीत ८६ दाखवतोय.

तुकडा पण उकळला. १२ मिमीवाल्याचा वरचा पापुद्रा कागदासारखा सुटला, पातेलं मात्र परत स्वयंपाकाला घ्यायचं नाही असं सासूबाईंनी जाहीर केलंय. १४ मिमीचा काळा पडला पण थर नाही सुटले. तोच ठरवला, नोव्हेंबरात. दुकानदार म्हणतो बेन आत्ता घ्या भाव वाढेल, म्हटलं वाढू दे.

आता एकच विचारायचंय. वरच्या खोलीत उन्हाळ्यात कूलर असतो, खिडकीत. त्याने काही?

रंधा_पटाशी

कूलर हवा ओली करतो, म्हणजे मेमध्ये त्याने फरशीचं थोडं भलंच होईल, जोड कमी उघडतील. फक्त कूलरचं पाणी खोलीत ठिबकता कामा नये आणि तोंड सरळ फरशीकडे नको, समोरच्या चार पट्ट्या रोज भिजल्यासारख्या राहतात. एसी घेणार असाल तर रात्रभर एसी आणि दिवसभर उघड्या खिडक्या हे पावसाळ्यात फरशीला सगळ्यात वाईट, त्यापेक्षा खिडक्या बंद ठेवा. पुसायला पिळून घेतलेला मायक्रोफायबर, स्टीम मॉप अजिबात नाही.

खालच्या भिंतीचं काम कोणाला देताय ते आधी कळवा, लोणा लागलेल्या भिंतीवर नुसतं वरून केमिकल फासणारे खूप आहेत.